पाणी कशाने बाटते?

मार्च १९२७ मध्ये महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा तिथे जमलेल्या माणसांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. धनंजय कीर यांच्या आंबेडकर-चरित्रात ही नोंद आहे. गावात पाण्याचा तुटवडा होता म्हणून हे पैसे मोजावे लागले नाहीत. चार-पाच एकरांचे चवदार तळे गावातच होते. पावसाचे पाणी आणि काही नैसर्गिक झरे यांवर ते भरे. काठाने बांध, बांधालगत खासगी जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या, त्यांच्यापलीकडे नगरपालिकेचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे सवर्णांची घरे. तळ्यावर इतर धर्मांच्या माणसांना मज्जाव नव्हता, गुरांना नव्हता, पाखरांना नव्हता. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाचा हात लागला, की पाणी बाटे.

२० मार्चला परिषदेतली माणसे रांगेने तळ्यावर गेली. डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले, त्यांच्यामागून इतरांनी घेतले. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळातही शिरणार, अशी आवई उठली आणि परतीच्या वाटेवरच्या प्रतिनिधींना गावात गाठून मारहाण झाली. त्यानंतर लगेचच तळ्याची शुद्धी करण्यात आली. १०८ घागरींचा विधी झाला. शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे मिश्रण मंत्रोच्चारात तळ्यात सोडले गेले आणि पाणी पुन्हा पिण्याजोगे झाल्याचे सवर्णांनी मानले.

आज पिण्याच्या पाण्यासाठी आपण आयएस १०५०० हे भारतीय मानक वापरतो. त्यानुसार १०० मिलिलिटर पाण्याच्या नमुन्यात ई-कोलाय हा आतड्यातला जिवाणू अजिबात सापडता कामा नये. शेणात तो असतोच. ज्यांच्या ओंजळीने पाण्यात काहीही मिसळले नाही ते पाणी बाटवणारे ठरले, आणि ज्यांनी पाण्यात खरोखरच घाण कालवली ते शुद्धीकर्ते ठरले. निवाडा करणारेही तेच होते. पुरावा त्यांनी दिला नाही आणि त्यांच्याकडे कोणी मागितलाही नाही.

सार्वजनिक पाणी बिघडले असे कोण ठरवतो, कशावरून ठरवतो आणि ते सिद्ध करण्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर टाकतो, याचा हा मागोवा आहे. त्यात महाडचे तळे येते आणि पेट्रोलच्या पंपाखाली पुरलेली टाकीही येते.

एकाच वर्षातल्या दोन तारखा

१९२३ हे साल या हकिकतीत दोनदा येते. २ फेब्रुवारीला अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरी शिशाचे संयुग मिसळलेले पेट्रोल पहिल्यांदा पंपावर विकले गेले. ४ ऑगस्टला मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. एका घटनेची दुसरीला खबरही नव्हती. पण सार्वजनिक पाण्याच्या इतिहासातल्या दोन वाटा तिथून निघतात. एका वाटेने पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क आला, दुसऱ्या वाटेने त्याच पाण्यात उतरणारी रसायने आली.

बोल्यांच्या ठरावानंतर सप्टेंबरमध्ये सरकारने आपल्या खात्यांना तसे आदेश दिले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले करण्याचा ठराव केला. तिथे सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखा सुधारक पुढारी होता; लोक त्यांना सुरबानाना म्हणत. पण कागद आणि काठ यांत अंतर राहिले. ठराव झाला तरी अस्पृश्यांना तळ्यावर जाता येईना. नगरपालिकांनी आणि लोकल बोर्डांनी अंमल केला नाही तर त्यांचे अनुदान थांबवावे, असा दुसरा ठराव बोल्यांना १९२६ मध्ये आणावा लागला. तळे खुले करण्याचा ठराव कागदावरून काठावर उतरवण्याचे काम रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी केले. मार्च १९२७ ची परिषद त्यातून उभी राहिली.

शुद्धीनंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोल्यांच्या पहिल्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

दावा

डिसेंबरात दुसरी परिषद भरायची होती. १२ डिसेंबरला सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला आंबेडकर बोटीने दासगाव बंदरात उतरले, तेव्हा कलेक्टरचे पत्र घेऊन पोलीस अधिकारी वाट पाहत होते. तिथून महाडपर्यंत पाच मैलांची वाट लोकांनी पायी तुडवली. परिषदेसाठी जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावर जाणे मात्र न्यायालयाचा मान राखून पुढे ढकलले गेले, आणि पाण्याचा प्रश्न कोर्टाच्या पायरीवर आला.

दावेकऱ्यांचे म्हणणे दुहेरी होते. हे ‘चौधरी तळे’ असून ते खासगी आहे, आणि अस्पृश्यांना येथे मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे. विटाळाची भाषा कायद्याच्या भाषेत आणायची झाली की अशी बदलते. कोर्टात मात्र नुसते म्हणून भागत नाही. जो रूढी सांगतो त्याला ती सिद्ध करावी लागते. ती किती जुनी, कोणत्या कागदात नोंदलेली, कोणाच्या साक्षीने टिकलेली, हे सगळे मांडावे लागते. ८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयात दावा फेटाळला गेला. ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात अपील फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या प्रकरणात शेवटचा निकाल दिला. रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. सत्याग्रहाला दहा वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा तीन दिवस उरले होते.

या निकालाचे मोल आपण बहुधा हक्काच्या अंगाने सांगतो, आणि ते खरेच आहे. पण त्यात दुसरे एक तत्त्व आहे, ज्याकडे पाण्याचा विचार करणाऱ्याने पाहायला हवे. दहा वर्षे पाणी पिणाऱ्यांना आरोपीच्या जागी उभे केले गेले होते. उच्च न्यायालयाने पुराव्याचे ओझे मज्जाव करणाऱ्यांवर ठेवले आणि ते त्यांना पेलले नाही. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांची नावे घेऊन त्यांच्या वापराबाबतचा भेदभाव बंद झाला. महाडच्या काठावरचा वाद देशाच्या मूलभूत कायद्यात जाऊन बसला.

शिसे

आता दुसरी वाट. पेट्रोलच्या इंजिनात इंधन वेळेआधी पेटले की ठोके बसतात आणि ताकद वाया जाते. ९ डिसेंबर १९२१ रोजी थॉमस मिजली या अभियंत्याला टेट्राइथाइल लेड या शिशाच्या संयुगाने हे ठोके थांबतात असे आढळले. अल्कोहोल मिसळूनही हेच काम होते, हे त्याला ठाऊक होते. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकतो, त्याचे पेटंट कोण देणार?

शिसे विषारी आहे ही गोष्ट तेव्हा नवी नव्हती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. मे १९२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्यप्रमुखाने बैठक बोलावली. तिथे ॲलिस हॅमिल्टन आणि यांडेल हेंडरसन या आरोग्यतज्ज्ञांनी धोक्याचा इशारा दिला: हे शिसे कारखान्यापुरते राहणार नाही, रस्त्यारस्त्यांवर जाईल. उद्योगाच्या बाजूने रॉबर्ट केहो या डॉक्टरने वेगळी भूमिका मांडली. अपाय होतो असे ज्यांना वाटते त्यांनी तो दाखवावा, तोवर विक्री चालू राहील. १९२६ मध्ये विक्रीला परवानगी मिळाली आणि पुढची चाळीसएक वर्षे केहोची हीच कसोटी चालली. विकणारा निर्दोष धरला गेला. श्वास घेणाऱ्याने आणि पाणी पिणाऱ्याने पुरावा गोळा करायचा होता.

तो पुरावा गोळा व्हायला दोन पिढ्या गेल्या. पृथ्वीचे वय मोजणारे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये दाखवले की माणसाच्या शरीरातले आणि भोवतालातले शिसे नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट आहे. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतले शिसे मोजले आणि त्याचा संबंध बुद्धीशी व वागण्याशी जोडून दाखवला. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले, १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर झाले. जगात शेवटी अल्जीरियाने जुलै २०२१ मध्ये शिशाचे पेट्रोल थांबवले. डेटनच्या पहिल्या पंपापासून त्याला ९८ वर्षे लागली.

शिसे एकटे आले नव्हते. ते इंजिनात साचू नये म्हणून त्याच्या जोडीला इथिलीन डायब्रोमाइड घातले जाई. शिसे बहुतेक मातीला धरून बसते. हे दुसरे रसायन पाण्यात विरघळते आणि भूजलात वर्षानुवर्षे टिकते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली त्याची मर्यादा लिटरमागे ०.०५ मायक्रोग्रॅम आहे, इतके ते घातक. पेट्रोलमधल्या मिश्रणांनी विहिरी बिघडवण्याचा इतिहास खरे तर या जोडीदारापासून सुरू होतो.

ईथर

शिसे काढले की ठोके परत येतात, म्हणून त्याच्या जागी दुसरे काहीतरी घालणे आले. १९७३ मध्ये इटलीत मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर, म्हणजे एमटीबीई, व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागले. १९७९ मध्ये ते अमेरिकी पेट्रोलमध्ये आले. १९९० च्या हवा-शुद्धी कायद्यातल्या सुधारणांनी धुरकट शहरांतल्या पेट्रोलमध्ये प्राणवायूयुक्त घटक सक्तीचा केला आणि एमटीबीईचा वापर झपाट्याने वाढला. काही पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत गेले. हेतू चांगला होता, हवा स्वच्छ करायची. पाण्याचे काय होईल हे मात्र बाजारात आणण्याआधी कोणी नीट तपासले नाही.

कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला १९९५ आणि १९९६ मध्ये त्याचा हिशेब चुकवावा लागला. शहराच्या चार्नॉक आणि आर्केडिया या विहीर-क्षेत्रांत एमटीबीई उतरले होते. चार्नॉकमध्ये ते लिटरमागे ६१० मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचले. या विहिरी शहराच्या जवळजवळ निम्म्या पाण्याचा आधार होत्या. त्या बंद करून बाहेरचे पाणी विकत घ्यावे लागले. चार्नॉकचे पाणी शुद्धीकरण करून पुन्हा वापरात यायला २०१० साल संपत आले. उत्तरेला ताहो सरोवराच्या दक्षिण काठावरच्या पाणीपुरवठा संस्थेनेही एकामागून एक विहिरी बंद केल्या. तिने इंधन-उद्योगावर खटला भरला आणि २००२ मध्ये ज्युरीने एमटीबीई घातलेले पेट्रोल हे सदोष उत्पादन असल्याचे म्हटले. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने हे ईथर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने प्राणवायूची सक्ती काढली आणि पुढच्या वर्षी तेलशुद्धीकरण कारखाने इथेनॉलकडे वळले. मिजलीला माहीत असलेले अल्कोहोल ८५ वर्षांनी परत आले.

सांता मोनिकातही पुरावा पाणी पिणाऱ्यांनाच द्यावा लागला. गळती कोणत्या टाकीची, ती कधीची, कोणत्या कंपनीचे पेट्रोल, हे सगळे शहराने शोधायचे होते. महाडच्या तळ्यावर जे झाले तेच इथे वेगळ्या रूपात दिसते. ज्याच्या हाती सत्ता किंवा व्यवसाय असतो तो निर्दोष धरला जातो आणि ज्याच्या घशाखाली पाणी जाते त्याला साक्षीदार उभे करावे लागतात.

जमिनीखाली काय घडते

पंपाच्या फरशीखाली हजारो लिटरची लोखंडी टाकी पुरलेली असते. तिला गंजून सुईच्या टोकाएवढे भोक पडले तरी वरून काही कळत नाही. हिशेबातली तूट उडून गेलेल्या वाफेच्या नावे खपून जाते. थेंब मातीतून खाली उतरतात. पेट्रोल पाण्याहून हलके, म्हणून भूजलाच्या पातळीला लागले की ते तवंग धरून पसरते. तिथून पुढे त्यातला प्रत्येक घटक आपापल्या वाटेने जातो. बेन्झीन हे कर्करोग करणारे म्हणून निर्विवाद सिद्ध झालेले रसायन. ते एका लिटर पाण्यात जास्तीत जास्त पावणेदोन ग्रॅमच्या आसपास विरघळते, मातीला थोडे चिकटते, आणि प्राणवायू असेल तर मातीतले सूक्ष्मजीव त्याचा फडशा पाडतात. म्हणून त्याचा पट्टा बहुधा काही अंतरावर थांबतो. एमटीबीई एका लिटरात ५० ग्रॅमच्या आसपास विरघळते, मातीला चिकटत नाही आणि सूक्ष्मजीवांना ते पचवायला जड जाते. भूजल ज्या वेगाने वाहते जवळजवळ त्याच वेगाने ते निघते आणि विहिरीपर्यंत सगळ्यांच्या आधी पोहोचते.

त्याचा टर्पेंटाइनसारखा वास आणि कडवट चव फार थोड्या प्रमाणात कळते. जागतिक आरोग्य संघटनेने वासाची पातळी लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम धरली आहे. दहा लाख लिटरच्या टाकीत एक मोठा चमचा टाकला तरी पुरे. आरोग्याच्या दृष्टीने ठरवलेली मर्यादा यापेक्षा बरीच वर येईल, म्हणून संघटनेने वेगळा मर्यादा-आकडा दिलेला नाही. म्हणजे विषाची खात्री पटण्याच्या कितीतरी आधी पाणी तोंडात घेववत नाही. सार्वजनिक विहीर बंद पाडायला तेवढे पुरते.

इथेनॉल याहून सौम्य, कारण सूक्ष्मजीव ते चटकन खातात. पण खाताना ते जमिनीतला प्राणवायू संपवतात. मग बेन्झीन खायला प्राणवायू उरत नाही आणि बेन्झीनचा पट्टा अधिक लांबवर जातो. इथेनॉल आले म्हणून टाकीखालच्या विहिरीची काळजी मिटली, असे कोणी समजू नये.

महाराष्ट्रातली बाजू

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले. त्यांतले दोन महाराष्ट्रात होते, मिरज आणि मनमाड येथे. २००३ पासून ५ टक्के मिश्रण राज्यात आले, आता ते २० टक्क्यांवर पोहोचले आहे. उसाच्या पट्ट्याला त्यातून नवे गिऱ्हाईक मिळाले. भारतीय पेट्रोलच्या मानकात ईथरांनाही मर्यादेत परवानगी आहे. त्यामुळे अमेरिकेचा अनुभव आपल्यासाठी परक्या देशाची गोष्ट नाही.

पेट्रोलने विहीर बिघडल्याचे उदाहरणही घरचेच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या सासवड गावाजवळ मुंबईहून सोलापूरकडे जाणारी इंधनवाहिनी चोरट्यांनी फोडली. पेट्रोल शेतात झिरपले, पिके जळाली आणि विहिरींचे पाणी खराब झाले. तिथे निदान वास आला, पिके करपली, लोकांना दिसले. पंपाखालची मंद गळती असे काही दाखवत नाही.

महाड आणि पोलादपूर हे तालुके मुंबई-गोवा महामार्गावर आहेत. पोलादपूरच्या पुढे कशेडी घाट लागतो, महाबळेश्वरकडे आंबेनळी घाट चढतो. पंप, गॅरेज, ट्रकचे थांबे या रस्त्याच्या कडेनेच वाढले. बिरवाडीच्या बाजूला महाडची औद्योगिक वसाहत आहे, रसायनांच्या कारखान्यांची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत सावित्री नदीचा दादली ते मुठवली हा पट्टा आहे. या भागात पाऊस ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो, तरी एप्रिल-मे उजाडला की डोंगरातल्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, कारण कातळ पाणी धरत नाही. पाणी भेगांतून आणि सांध्यांतून पळते. विहिरीला पाणी जसे भेगेने येते तसेच जे काही सांडले तेही भेगेनेच येते, आणि भेग कुठे वळते हे वरून सांगता येत नाही. त्यात २२ जुलै २०२१ सारखा पूर. सावित्री आणि गांधारीच्या पाण्याने महाड शहर बुडाले तेव्हा गाड्या, गॅरेजे, दुकाने, सगळेच पाण्याखाली गेले. पूर ओसरला की विहिरी उपसतात आणि टीसीएल पावडर टाकतात. क्लोरीन जंतू मारते, इंधनाला ते काही करत नाही.

विहिरीवरची तपासणी

गावातल्या विहिरीची तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीला कठडा आहे का, सांडपाणी परत आत झिरपते का, शौचालय किती अंतरावर आहे, उकिरडा जवळ आहे का, ग्रामपंचायतीकडे पुरेशी टीसीएल पावडर आहे का, हे पाहून गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. जलसुरक्षक नमुना घेतो. जलजीवन मिशनखाली गावोगावी पाच-पाच महिलांना तपासणी-संच वापरायला शिकवले आहे. या बायका बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरतात आणि ती घरात ठेवून देतात. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर त्यात जंतू आहेत. संचातल्या थेंबांनी आणि रंगपट्टीने कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, उरलेले क्लोरीन कळते. हे काम फार मोलाचे आहे. कॉलरा आणि कावीळ यांच्यापासून गाव वाचवणारी पहिली फळी म्हणजे ह्या बायका.

पण त्या संचातली एकही बाटली बेन्झीनने काळी पडत नाही. ईथर ओळखणारा थेंब संचात नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र लागते. आयएस १०५०० मध्ये खनिज तेलासाठी लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, शिशासाठी ०.०१ मिलिग्रॅमची आहे, एमटीबीईचे मात्र नाव नाही. जे शोधायचे ठरवलेलेच नाही ते सापडत नाही, आणि सापडले नाही म्हणून पाणी निर्दोष धरले जाते. गावात एखाद्या बाईने पाण्याला कसलासा वास येतो म्हटले तर तिच्या बोलण्याला कागदाचा आधार नसतो.

ओझे फिरवणारे निकाल

कायदा या बाबतीत आपल्या व्यवहाराच्या पुढे आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला, केंद्राचा कायदा १९७४ चा. १९९१ मध्ये सुभाष कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. १९९६ च्या वेल्लोर प्रकरणात तमिळनाडूतल्या चर्मोद्योगांच्या सांडपाण्यावर निकाल देताना न्यायालयाने सांगितले की आपली कृती पर्यावरणाला निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी ती करणाऱ्याची आहे. २७ जानेवारी १९९९ रोजी नायडू प्रकरणात हेच तत्त्व थेट पिण्याच्या पाण्याला लागू झाले. हैदराबादला पाणी देणाऱ्या उस्मानसागर आणि हिमायतसागर या जलाशयांजवळ कारखाना उभारू द्यायचा का, हा तिथला वाद होता. आपल्यामुळे पाणी बिघडणार नाही हे कारखान्याने दाखवायचे, लोकांनी पाणी बिघडण्याची वाट पाहायची नाही.

१९३७ च्या निकालाचा धागा इथे पुढे आलेला दिसतो. महाडच्या दाव्यात न्यायालय मज्जाव करणाऱ्यांना म्हणाले, रूढी सिद्ध करा. साठ वर्षांनी न्यायालय पाण्याशेजारी धोका उभा करणाऱ्याला म्हणाले, निर्धोकपणा सिद्ध करा. दोन्ही वेळा ओझे पाणी पिणाऱ्याच्या डोक्यावरून उतरवले गेले.

पंपांच्या बाबतीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. नवा पंप शाळा, रुग्णालये आणि वस्ती यांच्यापासून ५० मीटर दूर असावा, अपवाद केला तरी ३० मीटरच्या आत नसावा, आणि भूजल उथळ असेल तिथे टाकीला दुहेरी संरक्षण असावे, असे त्यात आहे. राज्याच्या १९९३ च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खणायला बंदी केली. पाणी पळवणाऱ्या विहिरीसाठी आपण ५०० मीटरचे कुंपण घातले. पाणी नासवू शकणाऱ्या टाकीचे अंतर मात्र मुख्यतः घरे आणि शाळा यांच्यापासून मोजले.

दर २० मार्चला देशभरातून लोक महाडला येतात, तळ्याच्या पायऱ्या उतरतात आणि ओंजळीत पाणी घेतात. तो दिवस पाण्याच्या हक्काचा आहे, आणि त्या हक्कात पाण्यात काय आहे हे कळण्याचा हक्कही येतो. म्हणून मागण्या साध्या आणि नेमक्या हव्यात. गावाच्या स्वच्छता सर्वेक्षणाच्या अर्जात शौचालय आणि उकिरडा यांच्या शेजारी पंप, गॅरेज, डेपो आणि इंधनवाहिनी यांचे अंतरही नोंदले जावे. सार्वजनिक विहिरीच्या ५०० मीटरच्या आत इंधनाची टाकी असेल तर वर्षातून निदान एकदा त्या विहिरीचा नमुना बेन्झीन आणि ईथर यांसाठी प्रयोगशाळेत जावा. त्याचा खर्च ग्रामपंचायतीने नव्हे, इंधन विकणाऱ्याने उचलावा. अहवाल हिरव्या-लाल कार्डाबरोबर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. बेन्झीन आणि एमटीबीई यांची नावे आयएस १०५०० मध्ये यावीत.

यातले काहीही अवघड नाही. नमुन्याची बाटली, बर्फाची पेटी, प्रयोगशाळेची फी आणि फलकावरचा एक कागद, एवढेच लागते. पाणी पिणाऱ्याने पाण्यावरचा आपला हक्क एकदा सिद्ध केलेला आहे, तीन न्यायालयांत आणि दहा वर्षे झुंजून. आता पुरावा मागायचा तो पाण्याजवळ टाकी पुरणाऱ्याकडून.